प्रमाण हात

रेवती डोईफोडेच्या चौथीच्या वर्गातली एकतीस मुलं मोडी लिहिताना दर नऊ-दहा अक्षरांनी हात वर उचलायची, उजवीकडे हवेत काहीतरी बुडवायची, दोनदा झटकायची आणि पुन्हा लिहायला लागायची. बुडवायला समोर काही नसायचं. जिल्ह्यातली उरलेली सदतीस हजार मुलंही हेच करायची, त्यामुळे यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. माळसोंडीच्या या शाळेला भेट देऊन गेलेल्या एका पाहुण्यांनी तर मुलांच्या एकत्रित व्यायामाचं शेरेबुकात कौतुक केलं होतं.

खरं कारण रेवतीला माहीत होतं. खरं कारण तिचा मामा होता.

मोडी शाळेत परत आली ती यंत्रांच्या आगाऊपणामुळे. दप्तरखान्यांतले कोट्यवधी मोडी कागद यंत्रांनी तीन वर्षांत वाचून काढले आणि त्यातले बरेच चुकीचे वाचले. चुकीचं वाचण्याबद्दल तक्रार नव्हती, माणसंही वाचतात. पण अक्षर लागलं नाही की माणूस डोकं खाजवतो, यंत्र ठणकावून काहीतरी सांगतं. एका गावाचं गायरान असंच एका घोड्याच्या नावावर झालं. घोडा अडीचशे वर्षांपूर्वी मेलेला, म्हणून तलाठ्याला त्याचे वारस शोधायला पाठवलं. तलाठी दोन महिने शोधत होता. शेवटी सरकारने ठरवलं की यंत्राने वाचलेल्या प्रत्येक कागदावर मोडी येणाऱ्या माणसाची सही हवी. अशी माणसं अख्ख्या राज्यात शे-सव्वाशे निघाली, त्यातल्या निम्म्यांना फोन ऐकू येत नव्हता. तेव्हापासून तिसरी-चौथीला मोडी.

शिकवणार कोण, हा प्रश्न पुण्याच्या एका कंपनीने सोडवला. यंत्राचं नाव ‘सुवळण’. तर्जनीत एक अंगठी आणि मनगटापासून कोपरापर्यंत एक पट्टा. लेखणी कुठे चालली आहे हे अंगठी सेकंदाला दोन हजार वेळा बघते. ती वाट सोडतेय असं दिसलं की पट्ट्यातून हाताच्या स्नायूंना विजेचा अगदी बारीक चिमटा बसतो. दुखत नाही, मुंगी चालल्यासारखं वाटतं. बोट चुकायच्या आधीच वळतं आणि चूक कागदावर येतच नाही. वळायचं कुणासारखं, हे ठरवायला एक नमुना लागतो. त्याला कंपनी ‘प्रमाण हात’ म्हणायची. हा प्रमाण हात दत्ताराम पोतनीस यांचा होता. दप्तरखान्यात चौतीस वर्षं काढून निवृत्त झालेले दत्ताराम पोतनीस रेवतीच्या आईचे सख्खे भाऊ.

मोडी लिहायची रीत अशी, की आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक आडवी रेघ ओढायची आणि मग दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी अक्षरं त्या रेघेला लटकवत जायची. मध्ये हात उचलायचा नाही. उचलायचा तो बोरूतली शाई संपली की, दौतीत बुडवायला. मामांनी कंपनीच्या थंडगार खोलीत काचेच्या पाटीवर बिनशाईच्या लेखणीने अठरा दिवस लिहिलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी दौत मागितली. शाई लागत नाही, असं त्यांना समजावण्यात आलं. शाई लागत नसेल, दौत लागते, असं मामांनी समजावलं. शेवटी एक रिकामी दौत आणून ठेवली गेली. मामा अठरा दिवस त्या कोरड्या दौतीत लेखणी बुडवून, काठावर दोनदा झटकून लिहीत राहिले. हा लिपीचाच भाग असणार, असं कंपनीतल्या पोरांना वाटलं. विचारलं असतं तर कळलं असतं. पण मामांना काहीही विचारलं की ते सुरुवातीपासून सांगतात, हे तोवर सगळ्यांना कळून चुकलं होतं.

त्या खोलीचा प्रमुख होता नचिकेत, रेवतीचा धाकटा भाऊ. मामांना दौतीत बोरू बुडवताना बघतच तो लहानाचा मोठा झाला होता, म्हणून तर त्याला ते दिसलं नाही.

आषाढात सलग पाच दिवस ऊन पडलं नाही. शाळेच्या पत्र्यावरचं सौर पॅनेल थकलं आणि अंगठ्या चार्ज झाल्या नाहीत. रेवतीने मुलांना तसंच लिहायला सांगितलं. वर्गात शंभरपैकी नव्याण्णव गुण मिळवणारी मुलं होती ती. अर्ध्या तासाने तिने वह्या गोळा केल्या, तर प्रत्येक वहीत कोंबडी नाचून गेली होती.

पण अफसाना मुलाणीच्या वहीत तिला एक गंमत दिसली. गिचमिड, गिचमिड, आणि मध्येच एक अक्षर. वेडंवाकडं, पण वाचता येणारं. पुन्हा गिचमिड, पुन्हा एक अक्षर. सगळ्या वह्यांत तेच. तिने अफसानाला समोर बसवून लिहायला लावलं. पोरीने सवयीने हवेत लेखणी बुडवली, दोनदा झटकली, कागदाला टेकवली, आणि टेकवल्याबरोबर जे अक्षर आलं ते चांगलं आलं.

रेवतीने दोन दिवस त्यावर डोकं चालवलं, तिसऱ्या दिवशी अंगठीची माहितीपुस्तिका वाचली आणि मग तिला उलगडा झाला. हवेतलं झटकणं झालं की अंगठी हात सोडून देते. कागदाला टेकल्यावर पुन्हा पकड घ्यायला तिला पाऊण सेकंद लागतो. त्या पाऊण सेकंदात मूल एकटं असतं. अर्धंमुर्धं अक्षर ते स्वतः काढतं, आणि ते चुकतं. मेंदूच्या मागच्या बाजूला छोटा मेंदू म्हणून जो भाग असतो, त्याचं काम एवढंच, की हाताला जायचं होतं कुठे आणि तो गेला कुठे हे बघायचं. दोन्हींत जो फरक पडतो त्यावरच तो शिकतो. फरकच पडला नाही तर त्याला वाटतं सगळं आलेलं आहे, आणि तो झोपी जातो. मुलं जे काही शिकली होती ते मामांच्या त्या कोरड्या दौतीमुळे. दिवसाला दीडेकशे अक्षरं मुलं लिहीत होती, बाकीची मामा लिहीत होते.

हे सांगायला ती नचिकेतला फोन लावणार तेवढ्यात त्याचाच आला. त्याला बढती मिळाली होती. सुवळणमध्ये एक दोष होता, तो त्याने शोधून काढला होता. मामा मधूनमधून उगाच हात उचलतात, त्यात सतरा टक्के वेळ जातो. ती हालचाल काढून टाकलेलं नवं अपडेट सोमवारपासून येणार होतं. आता हात एकदा कागदाला टेकला की पान संपल्याशिवाय सुटणार नव्हता.

रेवतीने त्याला दोन दिवसांचं डोकं पाच मिनिटांत सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, कारण तो चांगला मुलगा होता. मग म्हणाला, “ताई, मुलं चुकत नाहीत. हाच तर मुद्दा आहे.”

“चुकत नाहीत, कारण लिहीत नाहीत. लिहितोय मामा. सदतीस हजार पोरांना तू मामाची बोटं लावून दिलीस, नच्या.”

“गुण बघ ना तुझ्या वर्गाचे.”

“मामाचे.”

“कायम व्हायला दोन महिने राहिलेत तुझे,” तो म्हणाला. “एक बटण दाबायचंय फक्त.”

तेही खरं होतं. रेवती शिक्षणसेवक होती. तीन वर्षांची उमेदवारी दसऱ्याच्या आसपास संपणार होती. संपली की कायम, आणि मध्ये काही वाकडं झालं तर घरी. घरी तिला कुणी ओरडणार नव्हतं. पण शिकवण्याखेरीज तिला दुसरं काहीही बरं येत नव्हतं, हे तिला आणि घरच्यांना दोघांनाही माहीत होतं.

सोमवारी पडद्यावर अपडेटचा चौकोन आला. ‘आत्ता’ आणि ‘थोड्या वेळाने’ असे दोन पर्याय होते. ‘नको’ हा पर्याय कंपनीने ठेवलाच नव्हता. रेवतीने ‘थोड्या वेळाने’ दाबलं. रोज सकाळी परिपाठ झाला की ती ‘थोड्या वेळाने’ दाबायची. असे एकोणीस दिवस गेले. विसाव्या दिवशी ‘थोड्या वेळाने’ नाहीसं झालं. चौकोनात एकटं ‘आत्ता’ उरलं आणि त्याच्या शेजारी आकडे उलटे मोजायला लागले.

रेवतीने एकतीस अंगठ्या आणि एकतीस पट्टे गोळा केले, पोषण आहाराच्या तांदळाच्या पत्र्याच्या डब्यात घातले आणि झाकण दाबून बसवलं. पत्र्यातून सिग्नल जात नाही. कंपनीच्या नकाशावरून माळसोंडीची चौथी एकदम नाहीशी झाली. तासाभरात पुण्याहून एक काळजीचा संदेश आला, की गावात काही दुर्घटना घडली आहे का. रेवतीने कळवलं की अद्याप नाही.

आता शिकवायचं कुणी, हा प्रश्न होता. तिला स्वतःला मोडी यायची ती कामापुरती. ती मामांकडे गेली. मामांनी तिला चहा दिला आणि करार काढून समोर ठेवला. दहा वर्षं कंपनीखेरीज कुणालाही मोडी लिहून दाखवायची नाही, असं त्यात होतं. कुणी बघत नाही ना, वगैरे मामांना सुचवण्यात अर्थ नव्हता. ज्या माणसाने चौतीस वर्षं कागद सांभाळले तो माणसांपेक्षा कागदांना जास्त घाबरतो. दोन वर्षांत त्यांनी वाण्याची यादीसुद्धा देवनागरीत लिहिली होती.

पण मग मामांनी चष्मा लावून करार पुन्हा वाचला. जुनी सनद वाचावी तसा, बोट फिरवत, तीनदा.

“रेवे,” ते म्हणाले, “यात ‘उजव्या हाताचे वळण’ असं लिहिलंय. डाव्याबद्दल काही नाही.”

“तुम्हाला डाव्याने येतं?”

“अजिबात नाही.”

दुसऱ्या दिवसापासून मामा शाळेत यायला लागले. येताना खऱ्या शाईची बाटली आणि बोरूंची जुडी घेऊन आले. फळ्यासमोर टेबलावर कागद मांडला, बोरू डाव्या हातात धरला आणि ज्याच्या वळणावर सबंध जिल्हा चालत होता त्या माणसाने आयुष्यातली सगळ्यात वाईट मोडी लिहिली. रेघच मुळी कागदाबाहेर गेली. डावा हात उजवीकडे सरकताना लिहिलेलं पुसत गेला. कोपरापर्यंत शाई झाली. मामा स्वतःवर इतके चिडले की दोनदा वर्गाबाहेर जाऊन आले. मुलं आधी घाबरली, मग पुढे सरकली, मग टेबलाभोवती गोळा झाली आणि सल्ले द्यायला लागली. कागद तिरका धरा. बोरू आडवा करा. दमानं घ्या.

“आजोबा, तुमचं आमच्यापेक्षा वंगाळ हाय,” अफसाना म्हणाली.

“मी आजच सुरुवात केलीय,” मामा म्हणाले. “तू दोन वर्षं अंगठी घालून बसलीयेस. तुला लाज वाटायला पाहिजे.”

तिला लाज वगैरे वाटली नाही. तिने बोरू उचलला आणि त्यांच्याशी पैज लावली. महिनाभर तो वर्ग म्हणजे शाईचा पूर होता. मुलांचे सदरे, भिंती, एकदा तर शाळेतलं मांजरही निळं झालं. आयांनी येऊन रेवतीला सुनावलं. रेवतीने ऐकून घेतलं आणि पुढल्या दिवशी पुन्हा शाई काढली. मुलं चुकायची, ते कागदावर दिसायचं, मग पुढच्या ओळीला जरा कमी चुकायची. प्रत्येक मूल वेगळं चुकायचं. वह्यांवर नावं बघायची गरज राहिली नाही.

एका दुपारी वर्ग सुटल्यावर मामा हात धूत होते. शाई काही निघत नव्हती. रेवतीकडे न बघता ते म्हणाले, “सदतीस हजार पोरं माझ्यासारखं लिहितात म्हटल्यावर मला फार बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू. मग कंपनीने एका पोरीची वही पाठवली, पहिला नंबर आलेली. उघडली तर माझीच. पोरगी कुठेच नव्हती गं त्यात.” त्यांनी नळ बंद केला. “आपण मेलो आणि आपलं काम कुणाच्या तरी अंगात शिरलं, तसं वाटलं.”

रेवतीने त्यांच्या हातावर अजून थोडा साबण ठेवला.

केंद्रप्रमुख लोखंडे साहेब तपासणीला आले ते भाद्रपदात. बरोबर वह्या तपासायचं यंत्र होतं आणि शेजारच्या आदर्श शाळेतली कार्तिकी नावाची विद्यार्थिनी होती. अपडेट घेतलं की मूल कसं होतं हे दाखवायला तिला आणलं होतं. कार्तिकीने अंगठी घालून एक पान लिहिलं. मधे एकदाही हात उचलला नाही. यंत्र म्हणालं, शंभर. मग माळसोंडीच्या वह्या यंत्राखाली गेल्या. चौदा, नऊ, अकरा. अफसानाची वही गेली तेव्हा यंत्र थोडा वेळ थांबलं आणि म्हणालं, ‘लेखन आढळले नाही’. अफसाना म्हणाली की यंत्राला चष्म्याची गरज आहे.

रेवतीने लोखंडे साहेबांना एक विनंती केली. कार्तिकीने तेच पान अंगठी काढून लिहावं. साहेबांना यात हरकत घेण्यासारखं काही सापडलं नाही. कार्तिकीने अंगठी काढली, पट्टा सोडला, लेखणी कागदावर टेकवली आणि थांबली. हात कागदावर तसाच होता. घाबरलेली नव्हती ती, फक्त वाट बघत होती. कुणीतरी हात चालवेल म्हणून. मिनिट गेलं. वर्गात कुणीच हसलं नाही.

“चुकव की,” अफसाना तिला म्हणाली. “काय हुत नाय.”

कार्तिकीने हळूच रेघ ओढली. रेघ निम्म्या कागदापर्यंत गेली, खाली घसरली आणि टेबलावर उतरली. ती बराच वेळ त्या रेघेकडे बघत बसली. मग तिने रेवतीला विचारलं, “ही मी काढली?”

लोखंडे साहेब खिडकीतून बाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, निळं मांजर सोडून. जाताना ते रेवतीला बाजूला घेऊन म्हणाले की तीन दिवसांत लेखी खुलासा द्यावा लागेल. मग आवाज उतरवून म्हणाले, “डोईफोडे बाई, ‘नजरचुकीने’ असं लिहा. नजरचुकीने म्हटलं की आपल्याकडे सगळं माफ असतं.”

“नजरचुकीने नाही केलं, साहेब.”

“ते मला कळलंय. म्हणून तर सांगतोय.”

रेवतीने खुलासा लिहिला. मोडीत लिहिला, स्वतःच्या हाताने, दोन पानी. मोडीत पत्रव्यवहार करायला शासनाचं उत्तेजन होतं, तसं परिपत्रकच होतं. कार्यालयात पत्रं आता यंत्र वाचायचं, आणि ते यंत्र त्याच कंपनीचं असल्यामुळे त्याला प्रमाण हात सोडून दुसरं काही अक्षर म्हणून ओळखू यायचं नाही. उरलेलं सगळं ते ‘चित्र’ या सदरात टाकायचं. आठ दिवसांनी रेवतीला दुसरी नोटीस आली, ‘खुलाशाऐवजी निसर्गचित्र सादर केल्याबाबत’. तिने त्याचाही खुलासा मोडीत दिला. तो कलाशिक्षण विभागाकडे अभिप्रायासाठी गेला. तिथून उत्तर आलं की रेषा आश्वासक आहेत.

दसरा येऊन गेला. खुलाशावर निर्णय झाल्याशिवाय तिला कायम करता येत नव्हतं. काढताही येत नव्हतं. रेवती रोज शाळेत येत होती आणि शिकवत होती, आणि ही अवस्था किती दिवस टिकेल हे नियमात कुठेही लिहिलेलं नव्हतं. दिवाळीत नचिकेत घरी आला तेव्हा दोघं फारसं बोलले नाहीत. त्याने मामांचा निळा हात पाहिला आणि मुलांच्या वह्या मागून घेतल्या. रात्री जेवताना त्याने एवढंच विचारलं, की या वह्यांत नावं नाहीत, तरी तुला कुणाची कुठली हे कसं कळतं. तो पुण्याला परतल्यावर चार दिवसांनी राज्यातल्या सगळ्या पडद्यांवर अपडेटच्या चौकोनात तिसरं बटण उमटलं, ‘नको’. ते कुणी ठेवलं हे कंपनीला अजून सापडलेलं नाही. पहिल्या दिवशी ते सहा शाळांनी दाबलं.

मार्गशीर्षात वरच्या कार्यालयातून लोखंडे साहेबांना विचारणा झाली की खुलाशात नेमकं काय आहे. त्यांनी मोडीत पहिले आलेले तालुक्यातले वीस विद्यार्थी बोलावले. विसांनीही पानं उलटीसुलटी करून बघितली. दुसऱ्याचं अक्षर त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. तेव्हा लोखंडे साहेबांनी नियमाला धरून एक पत्र काढलं. सोबतचा खुलासा मोडी वाचता येणाऱ्या व्यक्तींकडून वाचून घ्यावा व देवनागरीत उतरवून द्यावा. तालुक्यात अशा व्यक्ती एकाच ठिकाणी होत्या, म्हणून पत्र आलं माळसोंडीच्या चौथीला.

रेवतीने ते मुलांसमोर ठेवलं आणि स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसली. हे तुमचं काम, मी बोलणार नाही, असं तिने सांगितलं. पाऊण तास भांडणं झाली. हा ‘म’ की ‘स’, यावर दोन पक्ष पडले. शेवटी अफसाना टेबलाजवळ उभी राहिली आणि अडखळत वाचायला लागली.

“मी अंगठ्या बंद केल्या. नजरचुकीने नाही, बघून केल्या. माझ्या वर्गातल्या मुलांचं अक्षर वाईट आहे, आणि ते त्यांचं आहे. ते रोज थोडं सुधारतं. त्याला वेळ लागतो, तो मी देणार आहे. अंगठ्या परत घालायच्या असतील तर आधी बाई बदलावी लागेल. बाई आपणहून जाणार नाही.”

मागच्या बाकाकडे वळून बघायचं धाडस कुणी केलं नाही. मग मुलांनी मजकूर देवनागरीत उतरवला. खाली, कुणीही सांगितलेलं नसताना, मोडीत एक ओळ वाढवली, ‘आम्हालाही हेच म्हणायचे आहे’, आणि एकतिसांनी सह्या केल्या.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. सदर वाढीव ओळ कोणाच्या परवानगीने लिहिली याबाबत एकतीस विद्यार्थ्यांनी स्वतंत्र व सविस्तर खुलासे सादर करावेत, असा आदेश होता. खाली लोखंडे साहेबांची सही होती, आणि सहीखाली पेनने, हाताने लिहिलेलं, ‘शक्यतो मोडीत’.

रेवतीने आदेश वर्गात वाचून दाखवला. दौतींची झाकणं उघडली गेली.

“किती पानी लिहायचं, बाई?” अफसानाने विचारलं.

“जेवढं म्हणायचंय तेवढं,” रेवती म्हणाली.

एकतीस जणांनी आधी रेघ ओढली.